पुढच्या तारेवरची चादर

सकाळचे सात वाजायच्या आत लाँड्रीत तीन भांडणं होऊन गेली होती. पहिलं भट्टीशी, कारण ती पेटत नव्हती. दुसरं नळाशी, कारण तो नुसता फुसफुसत होता, पाणी काही देत नव्हता. तिसरं रोजचं. त्यात बोलणारा एकटा लाँड्रीवाला. समोर त्याची नऊ वर्षांची मुलगी टिकली मान खाली घालून उभी, आणि दोघांच्या मधे फरशीवर तिची चादर पसरलेली.

लाँड्रीवाला उकिडवा बसला. अंगठा आणि करंगळी ताणून त्याने चादरीवरचा ओला डाग मोजला.

"दीड वीत. गेल्या आठवड्यात अडीच होता. उतरतंय की नाही गं?"

"उतरतंय," टिकली पुटपुटली.

"मग? चारनंतर पाणी बंद केल्याचा गुण आहे हा. तुझ्या आईला पटत नव्हतं. चल, टांग आता."

टिकलीने चादर उचलली, स्टूल ओढत दुकानाच्या दारात नेलं आणि त्यावर चढून चादर पुढच्या तारेवर टाकली. डाग रस्त्याच्या बाजूला यायला हवा, हा नियम. एकदा तिने डाग आत वळवून टाकला होता, तेव्हा आजीने तिला परत स्टुलावर चढवलं होतं. समोरून शाळेला निघालेली दोन पोरं थांबली.

"टिकले, आज धरण फुटलं का गं?"

"नाही रे, आज नुसती गळती आहे!"

टिकली स्टूल घेऊन आत आली आणि दप्तर भरू लागली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, लाज नव्हती, काहीच नव्हतं. ते बघून कोणीही थांबायला हवं होतं. पण सकाळची वेळ, कपड्यांचे गठ्ठे छातीपर्यंत आलेले, तिच्याकडे बघायला सवड कोणाला?

ही त्या गल्लीची जुनी रीत. मूल मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतंय ना, मग त्याची चादर दारात टांगायची. चार लोक बघतील, मूल शरमेल, आणि सुटेल. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच ठाऊक नाही. पण टांगतात सगळे, आणि आपल्या दारात नसली की दुसऱ्याच्या दारातली बघून हसतात.

आता या लाँड्रीची गंमत सांगतो. गंमत कसली, ऐकून डोकं फिरेल. या दुकानाला दोन तारा आहेत. एक पुढे, रस्त्यावर. दुसरी मागे, भिंतींच्या आतल्या चौकात. गिऱ्हाइकाचा कपडा धुऊन झाला की मागच्याच तारेवर जातो. कोणाच्या उशीवर रक्त, कोणाच्या शर्टावर दारू, कोणाच्या घरून दर आठवड्याला डागाची पिवळी कडा असलेली लहान चादर, हे सगळं या नवराबायकोला माहीत असतं. पण त्यांच्या तोंडून ब्र निघत नाही. बोचकं आलं की नाव पुसलं जातं. नंबराची चिंधी शिवली जाते, तेवढीच ओळख. "गिऱ्हाइकाचा डाग दुकानाबाहेर जात नाही," हे लाँड्रीवाल्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि तो ते छाती फुगवून सांगायचा. आख्ख्या गावाची अब्रू मागच्या तारेवर झाकून ठेवणारा हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या पोरीची अब्रू पुढच्या तारेवर वाळत घालत होता, आणि त्याला त्यात काही म्हणजे काही वावगं वाटत नव्हतं.

"लाजेनेच सुटतं," इस्त्रीच्या टेबलाजवळ बसून बटणं लावणारी आजी म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत सुटलंय."

"कोणाचं हो, आई?" टिकलीच्या आईने विचारलं.

"आई, ती निळी बटणं संपली का बघ बरं," लाँड्रीवाला मधेच म्हणाला. आजीने डबा ओढला आणि विषय तिथेच राहिला.

टिकलीची आई दुकानात डाग काढायचं काम करायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाई, गंज, तेल, रक्त, प्रत्येकाची तऱ्हा तिला पाठ होती. दुपारी तिने ती चादर तारेवरून काढली, टबात टाकायला गेली आणि थबकली. डाग लहान होता, खरंच लहान. पण त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. कडेला किंचित गुलाबी. वासही रोजचा नव्हता, नाकात झोंबणारा होता. तिने चादर उजेडात धरली, पुन्हा वास घेतला. गिऱ्हाइकाची चादर असती तर तिने मनात म्हटलं असतं, या घरात कोणीतरी आजारी आहे.

ती काही बोलली नाही. कालही बोलली नव्हती. नवरा वीत मोजून खूश होता, सासू खूश होती, आणि रोजच्या कटकटीत निदान ही एक गोष्ट सुधारतेय असं सगळे म्हणत होते. आपणच कशाला नाट लावायची? त्या दोन दिवसांच्या गप्प बसण्याबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. मीही तिला सहज माफ करणार नाही. तिला डाग वाचता येत होता.

टिकलीचा हिशेब मात्र सरळ होता. चारनंतर पाणी बंद केल्याने डाग एक वीत कमी झाला. मग दुपारीही नाही प्यायलं तर? सकाळीही नाही? तिने तेच केलं होतं. दहा दिवस ती जेवताना दोन घोट घ्यायची आणि उरलेला पेला गुपचूप मोरीत ओतायची. शाळेत तर पाण्याचं नावच नको, कारण शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप असायचं. किल्ली बाईंच्या टेबलाच्या खणात. मागायला गेलं की बाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "घरी आवरून यायला काय होतं?" आणि टिकलीने मागितली की वर्गच हसायचा. त्यामुळे ती सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत पाय आवळून बसायची. तशी तिला आता सवयच झाली होती. आधी लघवी दाबायची सवय, मग शौचाची. पोट दुखायचं, पण पोट दुखतं म्हणून सांगितलं की पुन्हा संडासाचीच गोष्ट निघणार, म्हणून तेही नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढताच गठ्ठ्यांवर आडवी झाली. आजीने हाक मारली, "ऊठ गं, कपडे मळतील." ती उठली नाही. आईने कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. अंग इस्त्रीसारखं तापलेलं. दात वाजत होते, ओठांना भेगा पडल्या होत्या.

"पाणी पी, बाळा."

"नको. चार वाजून गेले," टिकली म्हणाली.

त्या चार शब्दांनी आईला सगळा हिशेब कळला. तिने पोरीला उचललं, नवऱ्याला नुसतं "चला" म्हणाली आणि निघाली. भट्टी तशीच पेटती राहिली.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयस्कर होती, बोलायला तुटक. तिने आधी सलाईन लावलं, लघवी तपासायला पाठवली, मग टिकलीच्या पोटावर हात ठेवून बोटांनी हळूहळू चाचपलं. डाव्या बाजूला हात थांबला.

"शौचाला कधी गेली होती?"

आईबापाने एकमेकांकडे बघितलं. नऊ वर्षांची मुलगी, कोण विचारत बसतं?

"शनिवारी," टिकली डोळे मिटूनच म्हणाली. त्या दिवशी शुक्रवार होता.

"आणि लघवीला दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. आणि शाळेतून आल्यावर."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसली. "लघवीत जंतू झालेत. ताप त्याचाच. पोटात मळ साचून दगड झालाय. तो मागून मूत्राशयाला रेटतो. नळीवर पाय दिला की पाणी कसं कुठूनही उडतं, तसं होतं. वर ही दिवसभर दाबून धरते. झोपेत धरणार कशी? अंथरूण ओलं होतं ना?"

"होतं," लाँड्रीवाला घाईने म्हणाला, "पण कमी झालंय हो. मी रोज मोजतो. अडीच वितीवरून दीडवर आलंय."

"मोजता?"

"डाग. वितीने."

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, पोरगी वाळत होती! पाणी प्यायलीच नाही तर डाग मोठा येणार कुठून? लघवी जितकी कमी तितकी ती जहाल, जितकी जहाल तितकं मूत्राशय चिडणार. तुम्ही ज्याला सुधारणा म्हणत होता तो आजार होता."

लाँड्रीवाल्याचे हात मांडीवर होते. अंगठा आणि करंगळी आपोआप मिटली.

"शिक्षा वगैरे करता का?" तिने विचारलं.

टिकलीच म्हणाली, "चादर दारातल्या तारेवर टांगतात. सगळ्यांचीच टांगतात."

डॉक्टरीणबाईने चष्मा काढला. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा काढून दिला. "ही मुलगी हट्टी नाही. तिचं मूत्राशय हट्टी आहे. त्याला लाज कळत नाही. लाजेने कोणाचं अंथरूण कोरडं झालेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. घरात लहानपणी आणखी कोणाला होता का हा त्रास? आईला, वडिलांना? बऱ्याचदा घराण्यात असतो."

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला. पटकन म्हणाला.

औषधं लिहून मिळाली. जंतूंचं, पोट साफ व्हायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडंथोडं पाणी, भरपूर. फक्त झोपायच्या आधीचा तासभर कमी. दर दोन तासांनी, लागो न लागो, संडासला जायचं. बसताना पायाखाली पाट, घाई नाही. पालेभाज्या, फळं. "महिने लागतील. मधेच ओलं होईल, तेव्हा हाय खाऊ नका. एवढ्यावर नाही भागलं तर अंथरूण ओलं व्हायला लागलं की वाजणारी घंटी मिळते, ती लावू. आणि ती तार..." तिने कागद पुढे केला. "ती तार तुमची आहे. मी काय सांगू?"

चार दिवसांनी टिकली घरी आली. पाचव्या दिवशी तिची आई शाळेत गेली. मधल्या सुट्टीत बाई वह्या तपासत बसल्या होत्या. आईने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"दर दोन तासांनी जायला सांगितलंय, बाई. तेवढी किल्ली..."

"एकीला दिली की सगळ्या मागतील," बाईंनी चिठ्ठी वाचली नाही. "आणि खरं सांगू? एवढी घोडी झाली मुलगी. घरून वळण लावायला हवं. माझ्या घरात असलं काही चाललं नसतं."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण बाईंच्या घरचं बोचकं दर सोमवारी लाँड्रीत येई, आणि त्यात घडीच्या अगदी आत दुमडून ठेवलेली लहान चादर असे. पिवळी कडा. दोन वर्षं. "पाणी सांडलं हो," असं बाई दर वेळी सांगत, आणि टिकलीची आई दर वेळी "होतं असं" म्हणे. आता एक वाक्य, फक्त एक, आणि बाईंचा चेहरा उतरला असता. ते वाक्य जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं. तिने ते गिळलं.

"चिठ्ठी ठेवून जाते," ती म्हणाली. "वाचा, जमलं तर."

रस्ताभर ती स्वतःशी चरफडत होती. बोलायला हवं होतं का? नव्हतं. गिऱ्हाइकाचा डाग. दुकानाच्या दारात आली आणि मान वर गेली. पुढची तार रिकामी होती, पण होती.

तीन आठवडे बरे गेले. टिकली पाणी प्यायला लागली, पेला मोरीत ओतायची थांबली. पोट मऊ झालं. अंथरूण आधी आठवड्यातून पाच वेळा ओलं, मग तीन, मग सलग चार दिवस कोरडं. लाँड्रीवाला शीळ घालत इस्त्री करू लागला.

आणि पाचव्या सकाळी चादर चिंब. चांगली तीन विती.

"म्हणजे?" लाँड्रीवाल्याचा आवाज एकदम चढला. "औषधं झाली, पाट झाला, ढीगभर पाणी पाजलं, आणि हे? तीन विती? पहिल्यापेक्षा जास्त! नुसते लाड झाले, दुसरं काय!"

"मी म्हणतच होते," आजी कोपऱ्यातून म्हणाली. "टांग."

टिकली स्टूल आणायला निघालीसुद्धा. कोणी सांगायची वाट तिने बघितली नाही. ते बघितलं आणि तिची आई नवऱ्याच्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली.

"ती चादर द्या."

"बाजूला हो."

"नाही होणार. पंधरा वर्षं तुम्ही सांगितलं तसं वागले. गावाचे डाग गिळले. त्या दिवशी शाळेत काय गिळून आले ते माझं मला माहीत. गिऱ्हाइकाचा डाग दुकानाबाहेर जात नाही ना? मग हिला गिऱ्हाईक समजा. पोरगी नका समजू, पोरगी समजून काय केलंत ते बघितलं मी. गिऱ्हाईक समजा, तेवढी तरी इज्जत द्या."

"अगं, पण लाज वाटल्याशिवाय..."

"रंग बघा!" तिने चादर त्याच्या हातातच पसरली. "वीत नका मोजू, रंग बघा. पाण्यासारखा आहे. लेकरू पाणी पितंय, लेकरू जिवंत आहे. मला असल्या दहा विती चालतील."

लाँड्रीवाला सासूसुनेच्या मधे अडकल्यासारखा आईकडे वळला. "आई, तू सांग ना हिला. माझं तरी कशाने..." आणि तिथेच त्याची जीभ चावली गेली.

टिकलीच्या हातातलं स्टूल खाली टेकलं. "बाबा, तुमचीपण टांगायचे?"

आजीने सुई कापडात खोचून ठेवली. मग चिडूनच बोलली, म्हाताऱ्या माणसांना खरं सांगताना राग येतो तशी.

"तेराव्या वर्षापर्यंत. चार वर्षं टांगली मी याची. रोज. आणि तू उगाच म्हणतोस त्याने सुटलं. माझा हात मोडला होता ना, त्या वर्षी टांगायचंच बंद केलं होतं मी. वर हात जाईना. त्याच्यानंतर सहा-सात महिन्यांनी सुटलं तुझं. आपोआप." तिने बटणांचा डबा बंद केला. "मला माहीत होतं. पण म्हटलं, टांगलेलं फुकट गेलं असं कशाला म्हणायचं?"

फुकट! बघा, चार वर्षं एका मुलाला रोज सकाळी रस्त्यावर उभं केलं, आणि म्हातारीला काळजी ती मेहनत फुकट जाऊ नये याची. पण तिला एकटीला बोल लावून काय होणार? आपणही आपापल्या घरात हेच करतो. आपण सोसलं ते कामाचं होतं असं मानलं नाही तर रडायला येईल, म्हणून तेच पुढच्याच्या गळ्यात घालतो.

लाँड्रीवाला दारातच उभा होता. त्याला ती तार आठवत होती. खालून बघणारे चेहरे आठवत होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे न जायची काढलेली खोटी कारणं. त्याने चादर गोळा केली. मागच्या खोलीत गेला, चिंध्यांचा डबा उघडला, एक चिंधी काढून कोपऱ्याला शिवली. टिकली पाठोपाठ आली होती.

"कितवा नंबर, बाबा?"

"एकशे बारा." त्याने गाठ मारून दोरा तोडला. "नाव नसतं घालायचं. नुसता नंबर."

"गिऱ्हाइकासारखा?"

"हो. गिऱ्हाइकासारखा." मग त्याने तिला जवळ ओढलं आणि ढसाढसा रडला. टिकली गोंधळून त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

पुढची तार त्याच दिवशी उतरली. मागच्या चौकात कपड्यांना जागा कमीच पडत होती, तिथे लागली.

सोमवारी बाई आल्या. बोचकं टेबलावर ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "आतल्या लहान चादरीवर जरा पाणी सांडलंय."

टिकलीची आई टबाजवळ होती. तिने मान वर केली नाही. उत्तर द्यायचं ते लाँड्रीवाल्याने, आणि त्याने चिंधी शिवता शिवता, बाईंकडे न बघता दिलं.

"बाई, मी तेराव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायचो."

बाईंचा हात बोचक्यावर तसाच.

"माझी चादर याच दारात टांगायचे. मग मी माझ्या पोरीची टांगली. तिला मारलीच असती जवळजवळ. दवाखान्यातल्या बाईंनी वाचवली. औषध आहे हो त्याला. पोट साफ ठेवायचं, पाणी प्यायचं, वेळेवर जायचं. बस. मी आपलं माझं सांगतोय. तुमच्याकडे तर पाणी सांडलंय."

बाईंनी पावती घेतली, दोन पावलं गेल्या, परत आल्या. अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठे आहे तो दवाखाना?"

त्या आठवड्यात शाळेच्या संडासाचं कुलूप निघालं. कोणी काढलं यावर चर्चा झाली नाही. टिकलीला आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी अजून ओलं होतं. घंटी आणायचं ठरतंय. संध्याकाळी ती शाळेतून येते, रिकामी बाटली टेबलावर आपटते आणि ओरडते, "दोन वेळा भरली आज!" आणि लाँड्रीवाला वीत मोजायचे तेच हात पुसून ती बाटली तिसऱ्यांदा भरून देतो.

त्या गल्लीत आणखी तीन दारांत चादरी टांगलेल्या आहेत. आजही होत्या, मी बघून आलो. तुमच्या गल्लीतही असतील, तारेवर नाही तर बोलण्यात, पाहुण्यांसमोर सांगितलेल्या एखाद्या विनोदात. खाली उभं राहून हसणाऱ्यांत तुम्ही होतात की नाही ते तुमचं तुम्हाला माहीत. एवढंच करा, उद्या सकाळी ते मूल दिसलं तर त्याला पाण्याचा पेला द्या आणि तो मोरीत जात नाही ना, ते बघा.